आधी काढून दाखवा

दिवस फेब्रुवारीतला दुसरा रविवार. रक्कम एक लाख ऐंशी हजार रुपये. हजर तिघे: मी, माझी पत्नी सुनंदा आणि उदगीरचे भांड्यांचे व्यापारी मन्मथअप्पा. उदगीरला त्यांच्या दुकानात अप्पांची आणि माझी ती पहिली भेट. मी मोबाइल पुढे केला तेव्हा त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

मी नांदेडला एका खासगी महाविद्यालयात लेखापाल आहे. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. तरीही परकीय चलनाचे सौदे करून देणाऱ्या एका कंपनीत मी एक लाख ऐंशी हजार भरून बसलो होतो. डॉलर-युरोचे भाव रोज वर-खाली होतात, कंपनीचे जाणकार तुमच्या वतीने सौदे करतात आणि नफा तुमच्या मोबाइलवर दिसतो, असा तो प्रकार. नफा दिसतही होता. एक लाख ऐंशीचे तीन लाख बारा हजार झाले होते. पण पैसे काढायला गेलो तेव्हा कंपनी म्हणाली, नफ्यावर तीस टक्के कर आधी भरा, मग सगळी रक्कम सुटेल. कर होत होता एकोणचाळीस हजार सहाशे, आणि मी तो भरायच्या तयारीत होतो. तेवढ्यात सुनंदाच्या भावाचा उदगीरहून फोन आला. "दाजी, एक दिवस थांबा. आमच्या इथं एक अप्पा आहेत. त्यांना दाखवा आणि मग काय ते करा."

"तो आकडा मला दाखवू नका," चष्मा खिशात ठेवून अप्पा म्हणाले. "आकडा कुनीबी लिहितंय. यातले पाच हजार काढून दाखवा."

"ते आधी कर मागतात."

"मग त्यांना म्हणा, माझ्याच नफ्यातनं कर कापून घ्या आन् उरलेले द्या. तुमचे तीन लाख हायत न्हवं त्यांच्याकडं?"

मी तिथेच बसून तसे लिहून पाठवले. चहा येण्याआधी उत्तर आले: असे नियमात बसत नाही. अप्पांनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले आणि सुनंदाकडे वळले. "वैनी, ह्यांचा मोबाइल आठ दिवस तुमच्यापाशी ठेवा. रागावले तर जेवाय घालू नका."

सुनंदा हसली. त्या महिन्यात ती पहिल्यांदा हसली होती.

अप्पा साठीला टेकलेले, अंगाने सडपातळ. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि अंगात कायम पांढरा हाफ शर्ट. दुकान त्यांचे आणि धाकटे भाऊ बसवराज यांचे; बसवराज त्यांना अण्णा म्हणत. लग्नसराईत आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव घालायचे काम अप्पा स्वतः करत. हातात ते घरघरणारे छोटे यंत्र, समोर पितळी घागर किंवा स्टीलचा डबा. नाव घालण्याआधी ते गिऱ्हाइकाकडून तीनदा वदवून घेत. गिऱ्हाईक कंटाळे. एकदा माझ्यादेखत एक मामा चिडून म्हणाला, "अप्पा, लग्न लागून जाईल ना!" अप्पा म्हणाले, "लागू द्या. नाव चुकलं तर तुमची भाची जलमभर दुसऱ्याच्या नावाचं पानी भरंल."

या धंद्यातली सवय त्यांनी दुसऱ्या कामात नेली. त्यांचे स्वतःचे बासष्ट हजार अशाच एका कंपनीत गेले होते. ते लपवत नसत. "लोभानं टाकले. म्हनून लोभी मानूस मला लांबूनच वळखू येतो," असे सांगून ते समोरच्याकडे असे बघत की समोरचा हसून कबुली देई. पैसे गेल्यावर त्यांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला. त्याचे नावच 'आधी काढून दाखवा'. उदगीर, लातूर, नांदेड इथले छोटे दुकानदार, औषधवाले, बारदानाचे व्यापारी, काही शिक्षक असे तीन-चारशे लोक त्यात होते. कुणाला एखाद्या चलनाच्या कंपनीचा फोन आला की तो ग्रुपवर विचारी. मग तीन गावचे तीन सभासद त्या कंपनीत थोडी रक्कम भरत आणि लगेच परत मागत. तिघांनाही मिळाली नाही तरच पुढची पायरी. ती पायरी म्हणजे अप्पा स्वतः कंपनीला फोन करून तिचे म्हणणे ऐकून घेत आणि आठ दिवसांची मुदत देत. त्यानंतरच कंपनीचे नाव ग्रुपवर पडे. पुष्कळांना हे फार वाटे. "चोराला कसली मुदत, अप्पा?" असे कुणी म्हणाले की ते म्हणत, "चोर हाय हे आपन म्हनतोय. त्याला तर इचारू द्या."

मलाही त्यांनी कामाला लावले. लोकांनी पाठवलेले आकडे जुळवून बघायचे. "जाधवसाहेब, तुमचे गेलेले हायत, तवा तुमी डोळ्यात तेल घालून बघनार," हे त्यांचे नेमणूकपत्र.

माझ्या कंपनीची पाळी आली तेव्हा मी त्यांच्याच दुकानात होतो. कंपनीचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण ती आता दुसऱ्याच नावाने चालते. तिचा नांदेडचा माणूस नितीन म्हणून तिशीतला तरुण होता. मोठ्या हॉटेलात सभा घेई आणि बोलण्यात फार गोड. अप्पांनी फोनचा आवाज मोठा करून मोबाइल कळशीवर ठेवला.

"अप्पा, तुम्ही भांडी विका की निवांत. या वयात कशाला हे?"

"विकूनच राहिलो बाबा. तू बी लोकांचे पैसे काढून दे, मंजे मला तुजा नंबर लावायची गरज पडनार न्हाई."

"मार्केट खाली आहे सध्या."

"खाली असू दे. जाधवसायबांचे तीन लाख दाखवतोस न्हवं? तेवढेच दे."

"अप्पा, तुम्हाला मार्केट कळत नाही."

"न्हाई कळत. म्हनून तर इचारतोय. आठ दिवस हायत तुज्याकडं."

आठ दिवसांत पैसे आले नाहीत. नाव ग्रुपवर पडले. तिथून पुढच्या गोष्टी आठवल्या की अजून वाईट वाटते.

सुरुवात क्षुल्लक होती. मोबाइलच्या नकाशावर अप्पांच्या दुकानाखाली अनोळखी लोक लिहू लागले, भांडी गंजतात, वजनात मारतात. ज्या शहरांची नावे त्याखाली होती, तिथल्या कुणी उदगीर बघितले असेल असे मला वाटत नाही. मग ग्रुपमध्येच नवे सभासद शिरले आणि कुजबुज सुरू झाली की अप्पा दुसऱ्या कंपनीकडून पैसे घेऊन या कंपनीला बदनाम करतात. मग वकिलाची नोटीस आली. पन्नास लाखांची अब्रूनुकसानी. अप्पांनी ती दुकानात सगळ्यांना वाचून दाखवली. "पन्नास लाख! आमच्या घरात कुनाला वाटलं बी न्हवतं माजं तोंड येवडं महाग हाय." त्यांच्या पत्नी गौरव्वा आतून म्हणाल्या, "इका मग. मी आजच काढून देते."

तोवर हसणे चालू होते. खरा घाव एप्रिलच्या ऐन लग्नसराईत बसला. त्या दिवसांत गावोगावचे लोक आहेराचे पैसे दुकानाच्या क्यूआर कोडवर मोबाइलनेच पाठवत. पैसे आधी येत, माणसे सवडीने येऊन भांडी निवडत. दुकानाचा जुना नियम होता की पैसे आले की लगेच पावती द्यायची, माणूस समोर असो वा नसो. अप्पा मोबाइलवर लिहून पाठवत: 'मिळाले. आभारी आहोत.' अशाच एका दुपारी एकवीस हजार रुपये आले. पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे नव्हते. कुणाकडचा तरी आहेर असेल, आज ना उद्या माणूस येईल, असे धरून अप्पांनी पावती पाठवली आणि एकवीस हजार वेगळे धरून ठेवले.

माणूस आला नाही. तक्रार आली. कंपनीविरुद्धचा मजकूर काढण्यासाठी मन्मथअप्पांनी खंडणी मागितली, एकवीस हजार घेतले आणि तशी पावतीही दिली, अशी. दुकानाचे खाते त्याच आठवड्यात गोठवले गेले. खात्यात सहा लाख चाळीस हजार होते. त्यातले निम्म्याहून जास्त माल पाठवणाऱ्यांचे देणे होते आणि उरलेल्यात निम्मा वाटा बसवराज यांचा.

चौकशीसाठी पोलिसांनी नांदेडला बोलावले तेव्हा मी बरोबर गेलो. समोरचे अधिकारी सभ्य होते, थकलेले होते.

"पावती तुमचीच आहे ना, अप्पा?"

"हाय."

"पैसे आले तेव्हा कशाचे म्हणून विचारलं नाही?"

"सायब, लग्नसराईत पैसे कशाचे म्हनून कोन इचारतंय? आले की पावती द्यायची. आमच्या वडलांपासनं तसंच हाय."

"त्या वेळी मोबाइल नव्हते ना अप्पा," अधिकारी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "पावती दिली न्हाई म्हनून भांडनं झालेली बघितली होती. दिली म्हनून पयल्यांदाच."

त्या उन्हाळ्यात तारखांसाठी ते बऱ्याचदा नांदेडला आले आणि आमच्याकडे उतरले. पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नसत. सुनंदा धपाटे करी तर म्हणत, "वैनी, तुमच्या नवऱ्यानं मला काय पगारावर ठेवलंय का? रोज रोज धपाटे." जेवताना बोलणे मात्र एकच. या कंपनीत पैसे अडकलेले ग्रुपमधले अकरा जण होते आणि त्यांच्या लेखी जबाबांची गरज होती. मी माझा दिला. आणखी एकाने दिला. बाकीच्यांपैकी कुणाला नोकरीची भीती, कुणाला घरच्यांपासून लपवायचे होते. लातूरच्या एका औषधवाल्याला कंपनीनेच गाठले. गप्प राहशील तर तुझे परत देतो, असे सांगून निम्मे दिलेही. तो नंतर अप्पांचा फोन उचलेना. मला राग आला. अप्पांना आला नाही. "त्याचे त्याला मिळाले न्हवं? आपन तरी काय मागत होतो?"

पण खाते बंद होते. माल पाठवणारे फोन करत होते. बसवराज भावाला शब्दाने बोलले नाहीत, फक्त दुकानात दुपारी बसेनासे झाले. आणि बाजारात कुणी तरी विचारलेच, "अप्पा, एकवीस हजारावर भागवलं व्हय?" तो माणूस थट्टेने बोलला असेल. अप्पांनी मला ते वाक्य तीन वेळा सांगितले.

जूनमध्ये नितीनने निरोप पाठवला: माफीचे पत्र द्या, ग्रुप बंद करा, आम्ही तक्रार मागे घेतो. बैठक नांदेडला एका वकिलाच्या ऑफिसात झाली. नितीन, त्याचा वकील, अप्पा आणि मी. पत्र तयारच होते. कंपनी विश्वासार्ह आहे, मी गैरसमजातून खोटे आरोप केले, असा मजकूर. मला वाटले अप्पा उठतील. त्यांनी ते दोनदा वाचले, घडी घातली आणि भांड्याचा भाव करावा तसे बोलायला लागले.

"माझं पत्र फुकट न्हाई मिळनार. अकरा जनांची मुद्दल आठ लाख चाळीस हजार हाय. ती काढून दे."

नितीन हसला. "अप्पा, हे तर सरळ ब्लॅकमेलिंग झालं."

"तसा गुन्हा माज्यावर लागलेलाच हाय की. नाहक लागला म्हनून वाईट वाटून राहिलं होतं. एकदा खरा करून घेतो."

वकिलाने तोंडावर हात धरला. मी अप्पांच्या कानाशी म्हणालो, "अप्पा, हे पत्र खोटं आहे. तुमचं नाव आहे त्याखाली."

"खोटंच हाय," ते मोठ्याने म्हणाले. "जाधवसायब, सत्य धरून चार महिने बसलो. कुनाचा एक रुपया सुटला का?"

नितीन निम्म्यावर आला. अप्पा उठून दारापर्यंत गेले. नितीन साठ टक्क्यांवर आला. अप्पा पुन्हा बसले, पाणी मागितले आणि दुकानातल्या माणसांची चौकशी करावी तशी नितीनच्या आईवडिलांची चौकशी केली. शेवटी पाऊण मुद्दल ठरली: सहा लाख तीस हजार. औषधवाल्याला आधी मिळालेले धरायचे, उरलेले द्यायचे.

"सही करा मग," वकील म्हणाले.

"आधी काढून दाखवा," अप्पा म्हणाले.

संध्याकाळ होईपर्यंत आम्ही तिथे बसून होतो. एकेकाच्या खात्यावर पैसे पडत गेले, एकेकाचा फोन येत गेला. माझ्या खात्यावर एक लाख पस्तीस हजार पडले. अकराव्या माणसाचा फोन आल्यावर अप्पांनी चष्मा लावला आणि सही केली. माझ्या पाहण्यात कंपनीने एवढ्या लोकांना पैसे परत केल्याची ती एकच संध्याकाळ. त्या दिवशी मी सुखात घरी आलो, हेही लिहिले पाहिजे. अप्पा जेवायला थांबले नाहीत.

ग्रुप त्याच आठवड्यात बंद झाला. पुढे तक्रार मागे घेतली गेली आणि खाते सुटले. एकवीस हजार ज्याचे त्याला परत गेले. बसवराज पुन्हा दुपारी दुकानात बसू लागले. सगळे जागच्या जागी आले असे वाटण्यासारखे होते. मात्र कंपनीने ते पत्र मोठे करून छापले. सभांमध्ये ते फळ्याशेजारी लावले जाई आणि नितीन सांगे, "उदगीरच्या अप्पांचा ग्रुप तुम्हाला माहीत आहे ना? हे त्यांचंच पत्र." पत्राला किंमत होती ती अप्पांनी आयुष्यभर नाव घालण्याआधी तीनदा विचारले म्हणून. ती किंमत आता कंपनी वापरत होती.

दिवाळीनंतर मी मेहुण्याकडे उदगीरला गेलो होतो. दुकानात बसलो असताना अप्पांचा फोन वाजला. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरहून सुमनबाई नावाच्या एक बाई बोलत होत्या. पिठाची गिरणी चालवतात. गिरणीला नवी मोटार घ्यायला ठेवलेले चाळीस हजार त्यांनी कंपनीत भरले होते आणि आता काढता येत नव्हते.

"अप्पा, मले तुमचं पत्र दाखवलं त्याइनं. तुमीच लिहिलं हाय न?"

अप्पांना खोटे सांगता आले असते. दबावाखाली लिहिले असे खरेही सांगता आले असते. ते म्हणाले, "हाव ताई. मीच लिहिलं."

"मंग मिळतीन न पैसे?"

"कंपनीकडनं न्हाई मिळनार. मी देतो."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अप्पा, माझे पैसे त्या सहीमुळे आले. अर्धे मला देऊ द्या."

"तुमची सही हाय का त्याच्यावर?"

"नाही, पण..."

"मग झालं."

मी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा सांगून पाहिले. त्यांनी एका डब्यावर नाव घालायला घेतले आणि यंत्राच्या आवाजात माझे बोलणे ऐकू येत नसल्याचे दाखवले.

दहा हजारांचे चार हप्ते ठरले. दर दोन महिन्यांनी अप्पा स्वतः इस्लापूरला जात. येता-जाता आमच्याकडे थांबत. पूर्वीची थट्टा कमी झाली होती. सुनंदाने एकदा विचारले, "अप्पा, पैसे मोबाइलनं पाठवा की. एवढा लांबचा प्रवास कशाला करता?" ते म्हणाले, "वैनी, तिनं माझं पत्र बघितलं, तोंड बघितलं न्हवतं. बघू दे." आणखी कुणाकुणाचे किती गेले ते आम्हाला कधी कळले नाही. फोन फक्त सुमनबाईंचा आला. अप्पांना हेच जास्त लागले होते. "बाकीचे कुटं हायत?" असे ते मधेच विचारत, आणि त्यावर माझ्याजवळ कुठलाच आकडा नसे.

तीन हप्ते त्यांनी दिले. चौथ्याच्या आधी, एका सकाळी पूजेला बसले असतानाच ते गेले. समाजाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवूनच समाधी दिली. उदगीरचे बरेच व्यापारी आले होते. लातूरचा औषधवालाही आला होता, मागे उभा होता.

महिन्याभराने बसवराज नांदेडला आले आणि आम्ही दोघे इस्लापूरला गेलो. गिरणीच्या दाराशी पिठाने पांढऱ्या झालेल्या सुमनबाई उभ्या होत्या. बसवराज यांनी पाकीट पुढे केले.

"अप्पा नाई आले?" त्यांनी विचारले.

"अण्णा गेले, ताई."

त्यांनी पाकीट तसेच परत बसवराज यांच्या हातात दिले. "मंग हे कोनाचे?"

"त्यांचेच हायत. तुमाला द्यायचे म्हनून त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं."

मग पदराला हात पुसून त्यांनी पाकीट घेतले. एकूण चाळीस हजार रुपये. देणार मन्मथअप्पा, उदगीर. मिळाले सुमनबाईंना, इस्लापूर.